खणात सापडलेली कार्डे

बदलीचे पत्र हाती आले की धर्मगुरूचे पहिले काम म्हणजे कपाटे रिकामी करणे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही पुस्तकांच्या खोक्यांशी झटत असताना टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात एक लिफाफा सापडला. मागील तीन बदल्यांत तो न उघडता आमच्यासोबत फिरला असावा. आत कार्डांची एक चळत होती. तिच्याभोवतीचे रबर कधीच विरघळून वरच्या कार्डाला चिकटले होते. मोजली तेव्हा त्रेचाळीस भरली. प्रत्येकावर एका विचित्र प्राण्याचे चित्र, कोपऱ्यात एक आकडा, खाली दोन-चार ओळींचा इंग्रजी मजकूर. पोकेमॉनची कार्डे!

ती आमच्याकडे कशी आली हे सांगणे भाग आहे. २००५ च्या सुमारास आम्ही एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. त्या काळी दूरचित्रवाणीवरील पोकेमॉनने मुलांना झपाटले होते आणि शाळेबाहेरील स्टेशनरीच्या दुकानांत ही कार्डे दोन-पाच रुपयांना पाकिटांत मिळत. धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर चर्चच्या ओट्यावर मुलांचा बाजार भरे. काही पालकांनी तक्रार केली. ह्यात राक्षस आहेत, भुते आहेत, डार्विनची उत्क्रांती आहे असे कोणीतरी कुठूनसे आलेले एक पत्रक आमच्या हाती दिले. ते पत्रक वाचून आम्ही रविवारी प्रवचन केले आणि पुढच्या रविवारी ओट्यावरून एका दहा वर्षांच्या मुलाची कार्डे काढून घेतली. "वर्ष संपलं की देईन," असे म्हणालो. वर्ष संपण्याआधीच आमची बदली झाली.

सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्वायनस शिकवला गेला. त्याची पद्धत अशी की प्रतिपक्षाचे आक्षेप आधी पूर्ण मांडायचे, मग आपले उत्तर. आम्ही त्या मुलांचा पक्ष कधी ऐकलाच नव्हता. एकही कार्ड उजेडात धरून पाहिले नव्हते. म्हणून वीस वर्षांनी का होईना, हे परीक्षण.

ह्या त्रैमासिकात कवितासंग्रहांची, नाटकांची परीक्षणे येतात. तेथे मुलांच्या कार्डांचे काय काम, असे सुज्ञ वाचक विचारतील. परंतु ह्या प्राण्यांनाही लेखक आहेत, चित्रकार आहेत, त्यांची चरित्रे आहेत. आमच्या धर्मग्रामांतील एक अख्खी पिढी त्यांच्या सहवासात वाढली आणि आज त्या पिढीची मुले बाप्तिस्म्याला येत आहेत. आम्ही ह्या विषयाचा अभ्यास दोन वेदीसेवकांच्या हाताखाली केला. एका पुतण्याच्या जुन्या यंत्रावर मूळचा खेळ दोन महिने खेळलो, आणि तो पूर्ण केला, हेही कबूल करतो.

ह्या साऱ्याचा जनक सातोशी ताजिरी. जन्म १९६५ चा. टोकियोच्या कडेला माचिदा येथे त्याचे बालपण गेले. तेव्हा तेथे शेते, तळी, झाडी होती आणि हा मुलगा दिवसभर किडे गोळा करीत फिरे. सवंगडी त्याला कीटकांचा डॉक्टर म्हणत. पुढे शहर पसरले, तळी बुजली, किडे गेले. मोठेपणी त्याने 'गेम फ्रीक' नावाची संस्था काढली. निन्टेन्डोच्या 'गेम बॉय' ह्या हातात मावणाऱ्या यंत्रांना जोडणारी तार पाहून त्याच्या मनात आले की ह्या तारेवरून किडे एका यंत्रातून दुसऱ्यात चालत गेले तर? त्या कल्पनेतून २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये 'रेड' आणि 'ग्रीन' हे दोन खेळ बाहेर आले. मुख्य चित्रकार केन सुगिमोरी. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात कार्डे निघाली. इंग्रजी कार्डे जानेवारी १९९९ मध्ये.

एकच खेळ दोन रंगांत का? काही प्राणी फक्त एकात सापडतात, काही फक्त दुसऱ्यात. एकट्याने सर्व मिळवणे अशक्य, मित्र हवाच. त्याहून सुंदर योजना अशी की कडाब्रा, मशोक, ग्रॅव्हलर आणि हॉन्टर हे चार प्राणी स्वतःजवळ ठेवून कितीही वाढवले तरी पूर्णत्वाला जात नाहीत. ते दुसऱ्याला द्यावे लागतात. तारेवरून पलीकडे गेल्यावरच कडाब्राचा अलाकझाम होतो, आणि तोवर तो तुमचा राहिलेला नसतो. मित्राने परत दिला तर दिला! संगणकाच्या खेळात इतकी भाबडी आणि इतकी धाडसी अट दुसऱ्या कोणी घातलेली आम्ही पाहिलेली नाही.

आणि तरीही ह्याच मालाचे इंग्रजी घोषवाक्य काय? सगळेच्या सगळे पकडा. आमचा ह्या निर्मितीशी वाद आहे तो येथे. १५१ प्राण्यांनी सुरू झालेली यादी २०२२ साली हजारावर गेली आणि थांबण्याचे चिन्ह नाही. परंतु मुलांना कधीही विचारा, ती हजार सांगत नाहीत. आपला एक सांगतात. "तुझा आवडता कोणता?" हा प्रश्न आम्ही ओट्यावर गेल्या वर्षभरात कित्येकांना विचारला, आणि क्वचितच कोणी सर्वांत बलवान असलेल्या प्राण्याचे नाव घेतले. सगळे पकडण्याची हाव आणि एकाची आवड ह्या दोन वेगळ्या वृत्ती आहेत. खेळ पहिलीवर विकला जातो, पण स्मरणात राहतो दुसरीमुळे. आमच्या त्रेचाळीसांपैकी आम्हांला जे प्रिय झाले ते बहुतेक दुबळे, फसलेले किंवा दुःखी निघाले. हा आमच्या व्यवसायाचा दोष असेल. वाचकांनी तो गृहीत धरावा.

पहिला मान क्यूबोनचा. लहानसा तपकिरी प्राणी. हातात एक हाड, डोक्यावर कवटी. ती कवटी त्याच्या मेलेल्या आईची आहे. मूळ खेळातील टिपण एवढेच सांगते की तो ती कधी काढत नसल्यामुळे त्याचा खरा चेहरा कोणी पाहिलेला नाही. पुढच्या 'यलो' आवृत्तीत आईचा उल्लेख येतो आणि हेही कळते की त्याचे रडणे कवटीच्या पोकळीत घुमून करुण सुरासारखे बाहेर पडते. नंतरच्या एका टिपणात तो पौर्णिमेच्या चंद्रात आईचा चेहरा पाहतो आणि कवटीवरील डाग हे त्याच्या आसवांचे आहेत. दोन-तीन ओळींच्या ह्या टिपणांचा लेखनप्रकार आम्हांला फार आवडला. एका प्राण्याला तीन वाक्ये. शब्द वाया घालवायला जागाच नाही.

खेळात लॅव्हेंडर टाऊन नावाचे गाव आहे. तेथे सात मजल्यांचा मनोरा आहे, आणि तो म्हणजे मेलेल्या प्राण्यांचे दफनस्थान. लोक थडग्यांपाशी उभे राहून आपल्या गेलेल्या सोबत्यांविषयी बोलतात. सहाव्या मजल्याच्या जिन्यावर एक भूत वाट अडवते. त्याच्यासमोर तुमचे प्राणी भयाने गारठतात, लढत नाहीत. एक विशेष दुर्बीण मिळवून परत आलात की कळते, भूत म्हणजे एका मारोवॅक मादीचा आत्मा आहे. गुंडांच्या टोळीपासून निसटू पाहताना ती मारली गेली आणि तिचे पिल्लू पोरके झाले. ते पिल्लू म्हणजे क्यूबोन.

येथे खेळाच्या रचनेचा दोषही दिसतो, कारण त्या आईशी लढूनच पुढे जावे लागते. संवादाला दुसरा मार्गच रचनेत नाही. मृतासाठी प्रार्थना करणाऱ्या परंपरेतल्या माणसाला हे खटकते. पण एक गोष्ट लेखकांनी अचूक केली. आम्ही सवयीने तिच्यावर पकडण्याचा चेंडू टाकला. तिने तो चुकवला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. ती पकडता येत नाही! ज्या खेळात दिसेल ते पकडायचे, तेथे मेलेली आई मात्र पकडता येत नाही. लढाई संपली की तिचा आत्मा शांत होऊन निघून जातो, वाट मोकळी होते आणि वर थडग्यांच्या मधून आपण एकटे चालत जातो. आम्ही यंत्र बंद करून थोडा वेळ बसून राहिलो.

आमच्या एका वेदीसेवकाने, वय वर्षे बारा, ह्यावर रोखठोक आक्षेप घेतला. "फादर, १९९९ च्या खेळापासून क्यूबोन अंड्यातून निघतो आणि त्याची आई तिथेच जिवंत असते. मग कवटी कोणाची?" आक्षेप बिनतोड आहे. लेखकांकडे उत्तर नाही. एकाचे दुःख त्यांनी नंतर जातीचे लक्षण करून टाकले आणि कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक क्यूबोनला तीच कवटी बसवली. मालिका लांबवण्याचा हा शाप आपल्याकडच्या कादंबरीकारांनाही ठाऊक आहे.

आमच्या चळतीत क्यूबोनचे कार्ड आहे. त्याच्या पहिल्या चालीचे नाव 'स्निव्हल', म्हणजे मुसमुसणे. ती खेळली तर समोरच्याच्या पुढच्या घावातील वीस गुण कमी होतात. रडणाऱ्या पोरावर पूर्ण जोराने हात उगारवत नाही, हे कार्डाच्या गणितात बसवणारा माणूस नुसता हिशेबी नसावा.

दुसरा मॅजिकार्प. लाल मासा, वाटोळे डोळे, उघडे तोंड. खेळाच्या सुरुवातीला डोंगराजवळच्या एका ठिकाणी एक मनुष्य तो तुम्हांला पाचशेला विकतो. पैसे परत मिळत नाहीत, हे तो नंतर सांगतो. घेतल्यावर कळते की माशाला एकच चाल येते, उड्या मारणे, आणि त्या उड्यांनी कोणाचे काहीही बिघडत नाही. आम्ही फसलो ह्याचे वेदीसेवकांना फार हसू आले. मग त्यांनी युक्ती सांगितली. मॅजिकार्पला रांगेत पहिला ठेवायचा, लढाई सुरू होताच मागे घ्यायचा आणि दुसऱ्याला लढवायचा. जिंकल्यावर मिळणाऱ्या अनुभवात त्यालाही वाटा मिळतो. असे करत विसाव्या पायरीला पोहोचला की तो ग्यारॅडोस नावाचा प्रचंड सर्पमत्स्य होतो. ह्यामागे पीत नदीवरील नागद्वार उडी मारून ओलांडणाऱ्या आणि त्यामुळे नाग बनणाऱ्या माशाची जुनी चिनी दंतकथा आहे, हे उघड आहे.

बहुतेक समीक्षक ग्यारॅडोसवर थांबतात आणि चिकाटीचे फळ वगैरे सांगतात. आमचे मत वेगळे आहे. ग्यारॅडोस म्हणजे नुसता संताप. टिपणांप्रमाणे तो शहरे उद्ध्वस्त करतो. आम्हांला प्रिय आहे तो आधीचा मासा, ज्याच्यासाठी इतर पाच जण पंधरा पायऱ्या लढले. कार्डावरचा मॅजिकार्प तर आणखी बोलका आहे. त्याच्या जीवशक्तीचा आकडा जेमतेम तीस. त्याची एक चाल अशी की त्याच्या स्वतःच्या अंगावर जितक्या जखमांच्या खुणा, तितके दहा गुण समोरच्याला लागतात. निरोगी मॅजिकार्पची ही चाल शून्य! मरायला टेकलेला वीस गुणांचा धक्का देतो. मोठा पराक्रम नव्हे, पण तेवढाही त्याला फुकट मिळालेला नाही.

पोरिगॉनविषयी थोडे रागाने लिहावे लागेल. गुलाबी-निळ्या सपाट कडांचा हा प्राणी संगणकाच्या आज्ञावलीतून घडलेला, माणसाने बनवलेला. दिसायला कागदाच्या घडीचा पक्षी. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणी मालिकेचा अडतिसावा भाग दाखवला गेला. त्यात एका स्फोटात लाल आणि निळा प्रकाश अतिवेगाने लुकलुकला आणि तो पाहणाऱ्या सुमारे ६८५ मुलांना आकडी, चक्कर, मळमळ असा त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. मालिका चार महिने बंद राहिली. तो भाग पुन्हा कधी दाखवला नाही, आणि ते योग्यच झाले. परंतु भागाच्या नावात पोरिगॉन होता, म्हणून पोरिगॉन आणि त्याची पुढची दोन्ही रूपे त्यानंतर मालिकेच्या कथानकात कधी आलीच नाहीत. आता तो स्फोट कोणी घडवला पाहा. विजेचा लोळ सोडला तो पिकाचूने! पिकाचू चार महिन्यांनी परत आला, विमानांवर रंगवला गेला, जगभर बाहुली होऊन विकला गेला. शिक्षा झाली ती शेजारी उभ्या असलेल्याला.

चित्रातल्या प्राण्यावर अन्याय झाला म्हणून काय बिघडले, असे कोणी म्हणेल. मुलांच्या दृष्टीने बिघडते. आमच्या दोन्ही वेदीसेवकांना ही हकीकत तारखेनिशी पाठ आहे आणि ती सांगताना त्यांचा आवाज चढतो. शेजारी उभ्याला शिक्षा होते, हे त्यांनी घरी, वर्गात, आणि हो, चर्चच्या ओट्यावरही पाहिलेले असते.

स्लोपोकबद्दल थोडक्यात. हा गुलाबी, मठ्ठ, पाणघोड्यासारखा प्राणी. त्याला इजा झाली तर वेदना जाणवायला पाच सेकंद लागतात. आमच्या रविवारच्या दुसऱ्या मिस्सेतील प्रवचनाच्या वेळी मागच्या बाकांवर आम्हांला तो नेहमी दिसतो, म्हणून लोभ आहे. जपानीत त्याचे नाव यादोन. कागावा हा प्रांत उदोन नावाच्या जाड शेवयांसाठी प्रसिद्ध, आणि केवळ ह्या उच्चारसाम्यावरून २०१८ साली तेथील प्रशासनाने यादोनला आपल्या प्रांताचा अधिकृत प्रचारक नेमले. इतके निष्पाप कारण असलेली नेमणूक आम्ही दुसरी ऐकली नाही.

आमच्या चळतीत नसलेला, पण सोडून देता न येणारा एक आहे: मिमिक्यू. तो २०१६ मध्ये आला. जेमतेम वीत-दीड वीत उंची. अंगावर एक जुनी चिंधी, तिच्यावर पिकाचूचे तोंड वेडेवाकडे रेखाटलेले. वर दोन कान उभे केलेले. आत काय आहे कोणी पाहिलेले नाही. एका विद्वानाने चिंधी उचलून पाहिले आणि तो भयाने मेला, असे टिपण सांगते. त्याला लोकांनी जवळ करावे एवढेच हवे आहे. लढाईत त्याच्यावरचा पहिला वार चिंधी झेलते, चित्रातली मान कलंडते; आतल्याला काही लागत नाही, पण सोंग मोडते. त्याच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली जाते. वीस वर्षांपूर्वी पिकाचूच्या चित्राच्या वस्तू लोकप्रिय झाल्या म्हणून त्याने हे रूप घेतले. १९९६ अधिक वीस म्हणजे २०१६! ज्या उद्योगाने एका पिवळ्या उंदराला जगभर विकले, त्याच उद्योगाच्या लेखकाने हे वाक्य लिहून ठेवले आहे. ज्यावर कोणाचे प्रेम नाही ते पोर बाजारात जे खपते त्याचा मुखवटा घालून उभे आहे. आपल्या तरुणांच्या मेळाव्यांत आम्ही अशी मुले पाहिली आहेत. आम्ही त्यांच्या चिंधीलाच शाबासकी देत आलो, हेही खरे.

आता जे आवडले नाही त्याविषयी. चॅरिझार्ड हा नारिंगी, पंखांचा, आग ओकणारा प्राणी कार्डांच्या दुनियेचा राजा मानला जातो. १९९९ च्या पहिल्या इंग्रजी संचातील १०२ कार्डांत त्याचा क्रमांक चौथा; चित्र मित्सुहिरो अरिता ह्यांचे, पाठीमागे चकाकणारी पन्नी. चित्र म्हणून ते जोरकस आहे. परंतु पाहून झाले की डोळ्यांना आणखी काही सापडत नाही; जोर, ज्वाळा, चकाकी, बस. त्याच अरितांनी त्याच संचात काढलेला गुबगुबीत पिकाचू आम्हांला कितीतरी सरस वाटतो. आणखी एक नाव घ्यावेसे वाटते: युका मोरी. ह्या बाई प्राण्यांच्या मातीच्या छोट्या मूर्ती करतात, त्या कुठेतरी मांडतात आणि छायाचित्र घेतात. तेच कार्डावर छापले जाते. हाताच्या बोटांचा दाब त्यात दिसतो. नाताळचा गोठा स्वतः मातीने करणाऱ्या घरांना त्यातला आनंद सांगावा लागणार नाही.

कार्डांचा बाजार मात्र मोठ्यांनी बिघडवला. महासाथीच्या काळात, २०२० नंतर, किमती चढल्या. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या दुकानसाखळीने मारामारीच्या प्रकारानंतर ही कार्डे दुकानांतून विकणेच काही काळ थांबवले. १९९७-९८ मध्ये एका जपानी मासिकाच्या चित्रस्पर्धेतील मुलांना बक्षीस म्हणून दिलेले पिकाचूचे एक कार्ड २०२१ साली ५२,७५,००० डॉलरना गेले. २०२३ च्या सप्टेंबरात अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने मुलांनी चित्रे पाहावीत म्हणून करड्या टोपीतील पिकाचूचे कार्ड भेट द्यायला सुरुवात केली. पुनर्विक्री करणाऱ्यांची एवढी झुंबड उडाली की ऑक्टोबरात ते वाटणे बंद करावे लागले. जिवंतपणी ज्याची फारशी चित्रे विकली गेली नाहीत त्याच्या घरात हे घडले. आज किमती कार्ड जाड प्लॅस्टिकच्या पेटीत सील केले जाते, त्यावर एक ते दहा असा दर्जा छापतात आणि मग त्याला कोणाचा हात लागत नाही. ते खेळायचे होते, द्यायचे-घ्यायचे होते, ही गोष्ट त्या पेटीत विसरली जाते.

आमच्या लहानपणी आमच्याकडेही कार्डे होती. संतांची छोटी चित्रे. पहिल्या कम्युनियनला, कोणाच्या दीक्षाविधीला, मृताच्या महिन्याच्या मिस्सेला मिळणारी. पुढे चित्र, मागे प्रार्थना. ती आम्ही आईच्या प्रार्थनापुस्तकात जमवीत असू आणि तिचे लक्ष नसताना अदलाबदलही करीत असू. सोनेरी कडेच्या एका संत सेबॅस्टियनसाठी साधे तीन संत द्यावे लागत. पाद्रीबाबांनी आम्हांला तेव्हा ओट्यावरून उठवले नव्हते.

त्या जुन्या पत्रकातील आक्षेपांचे काय? उत्क्रांती म्हणून ज्याला खेळात म्हणतात त्याचा डार्विनशी काही संबंध नाही. सुरवंटाचे फुलपाखरू व्हावे तसे ते एकाच प्राण्याचे रूपांतर आहे, आणि ताजिरीच्या किड्यांवरून ते आले हे स्पष्ट आहे. भुते आहेत, पण ती दिवाळी अंकातल्या भुतांहून भयंकर नाहीत. २००० सालीच इटलीच्या बिशप परिषदेशी संबंधित सॅट २००० ह्या वाहिनीने ह्या खेळात नीतीला बाधक काही नसल्याचे सांगून त्यातील मैत्रीचे कौतुक केले होते. वर्तमानपत्रांनी त्याचे 'व्हॅटिकनची मान्यता' असे करून टाकले ते निराळे. म्हणजे आम्ही प्रवचन केले त्याच्या पाच वर्षे आधी. लढाईचा आक्षेप तेवढा आम्ही अजून मागे घेत नाही. पकडलेल्या प्राण्याला मालकासाठी झुंजवणे हे कितीही सौम्य रंगात रंगवले तरी झुंजवणेच आहे. हरलेला मरत नाही, मूर्च्छित होतो, ह्या सोयीने ते झाकले जाते.

लिफाफा सापडल्यावर आम्ही त्या मुलाचा शोध घेतला. तो आता तिशीत आहे, कॅनडात असतो, त्याची मुलगी पहिलीत जाते. त्याच्या आईकडून क्रमांक मिळाला. फोनवर आम्ही आधी क्षमा मागितली. तो गोंधळला, मग हसला.

"फादर, ती कार्डं अजून तुमच्याकडे आहेत?"

आम्ही सांगितले की सर्व त्रेचाळीस सुखरूप आहेत. चकाकणारा चॅरिझार्डही आहे, त्याला आता बरीच किंमत येईल असे ऐकतो, कुरियरने पाठवून देतो.

"ते डुप्लिकेट होतं, फादर. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दुकानातली निम्मी तसलीच असायची." मग थोडा थांबून म्हणाला, "त्यात मेटापॉड आहे का बघाल? हिरवा, कोशासारखा. एक कोपरा दुमडलेला आहे. बाकीची तिथल्याच पोरांना देऊन टाका. तेवढं एक मिळालं तर बघा."

मेटापॉड म्हणजे सुरवंट आणि फुलपाखरू ह्यांच्या मधली अवस्था. कडक होऊन राहण्यापलीकडे तो फारसे काही करत नाही. तेच कार्ड का, हे आम्ही विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.

चळत आम्ही दोनदा मोजली, एकेक कार्ड टेबलावर पसरून. त्रेचाळीसच. मेटापॉड त्यात नाही. खण पूर्ण बाहेर काढून मागे हात घालून पाहिला. अर्धी मेणबत्ती आणि संत अंतोनीचे एक चित्र निघाले. जुन्या धर्मग्रामातही विचारून पाहिले. त्याला तसे कळवले आहे.